फंक्शनचा पत्ता आणि अकरा लाल चिठ्ठ्या

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी तशी लहान. वरच्या मजल्यावर कोड लिहिणारे आम्ही चौघं. खाली सोल्डरिंगचं टेबल, टेस्टिंगचा रॅक आणि पॅकिंग. औषधं ठेवायच्या थंड खोल्यांवर लक्ष ठेवणारे कंट्रोलर आम्ही बनवतो. खोलीचं तापमान चढलं की कंप्रेसर, पंखा, भोंगा, जे काय चालवायचं ते कंट्रोलर चालवतो. आतल्या बोर्डावर लिनक्स चालतं, आणि त्या लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आमच्या बोर्डापुरतं जे लिहावं लागतं ते मी लिहिते.

हे मी ताठ मानेनं सांगते, कारण आमच्या घरात माझ्या आधी कॉलेजात कुणी पाय ठेवला नव्हता. वडील कन्नड गावाहून शहरात जीप चालवायचे. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. कर्नल म्हणजे काय हे त्या दोघांना मी तीनदा समजावलं, आणि तिन्ही वेळा आई म्हणाली, "म्हणजे कॉम्प्युटरचंच ना?" व्हय, कॉम्प्युटरचंच. पण कॉम्प्युटरवर काम करणं वेगळं आणि त्याच्या पोटात काम करणं वेगळं, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. त्या वाटण्यानंच मला एकदा खाली बघायला लावलं, ते इथं लिहिते.

आमच्याकडं एक पद्धत आहे. टेस्टमध्ये बोर्ड नापास झाला की त्याला लाल चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर कारणाचा एकच रकाना: सोल्डरिंग, पार्ट किंवा कोड. जो कारण ठरवतो त्यानं खाली सही करायची. लावलेली चिठ्ठी फाडायची नाही. कारण चुकलं असेल तर त्यावर आडवी रेघ मारून नवं लिहायचं आणि परत सही. मालकांनी, म्हणजे आमच्या सरांनी, हा नियम पहिल्या दिवसापासून लावलाय. त्यांचं म्हणणं, माणसं बोललेलं विसरतात, सही विसरता येत नाही.

सोल्डरिंगच्या टेबलावर काका बसतात. राहायला शेंद्र्याला. शाळा आठवीपर्यंत, पुढं वीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. टीव्ही दुरुस्त करून घेणारे कमी झाले तसे इकडं आले. डोळ्याला भिंग लावून वाकले की दोन-दोन तास मान वर करत नाहीत. कुणाशी फारसं बोलत नाहीत, आणि बोलले तरी समोरच्याकडं न बघता, बोर्डाशी बोलल्यासारखं.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम बदलल्या. तापमान मोजायचा जुना चिप मिळेना, म्हणून नवा आला. जुन्याला बाजूनं पाय होते. नव्याला पाय नाहीत, खालच्या अंगाला चपटे ठिपके. तो हातानं बसवणं अवघड. सर मीटिंगमध्ये स्पष्टच बोलले: हा चिप आपल्या टेबलावर नीट बसला तर काम इथंच, नाय बसला तर सगळं सोल्डरिंग पुण्याच्या मशीनवाल्याकडं. काकांचं काय, असं कुणी विचारलं नाही. पॅकिंगमध्ये जागा होती, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

दुसरी गोष्ट माझ्या बाजूची. ग्राहकानं अट घातली की कर्नल बाहेरच्या माणसाला फसवता येणार नाही असा बांधा. त्यासाठी कंट्रोल-फ्लो इंटिग्रिटी नावाची सोय असते. सोपं करून सांगते. कर्नलमध्ये कामाचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक फंक्शन. एक फंक्शन दुसऱ्याला दरवेळी नावानं बोलवत नाही. बरेचदा हातात फक्त पत्ता असतो: मेमरीत अमक्या जागी जा, तिथलं काम चालव. तो पत्ता एखाद्या लबाडानं बदलला तर कर्नल निमूट भलतीकडं जातो आणि भलतंच काम करून येतो. ही सोय चालू केली की कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनला कळेल असा करून देणारा प्रोग्राम, अशा प्रत्येक उडीच्या आधी एक तपासणी घालतो. पत्ता ओळखीचा असेल तरच पुढं, नसेल तर जागीच थांब.

मी सोय चालू केली, कर्नल बांधला, जुन्या चिपच्या बोर्डावर चालवून बघितला. सुरळीत. मग नव्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलच्या वतीनं चिपशी बोलणारा कोड, लिहिला आणि माझ्या टेबलावर रोजच्या कामाच्या कर्नलवर तपासला. त्या कर्नलमध्ये ही सोय बंद असते, कारण चुका शोधताना ती आडवी येते. तिथंही सुरळीत. नवा चिप आणि नवी सोय, दोन्ही एकत्र मी एकदाही चालवलं नाही. तेवढं एक राहिलं.

काकांनी नव्या चिपचे पहिले अकरा बोर्ड तयार केले. त्यांत ग्राहकाला द्यायचा कर्नल भरला आणि बोर्ड तापवायच्या पेटीत गेले. ठरलेल्या तापमानापर्यंत बोर्ड छान चालायचा. ते ओलांडलं की बंद पडून पहिल्यापासून चालू. गार झाला की परत छान. अकराच्या अकरा.

तापल्यावर बंद पडतं आणि गार झाल्यावर चालतं, म्हणजे सोल्डरिंगचा टाका कच्चा. हे इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही माणसाला विचारा, तो हेच सांगणार. मीही तेच सांगितलं. सकाळच्या मीटिंगला आम्ही सगळे रॅकजवळ उभे असतो. काका हळूच म्हणाले, "अकराच्या अकरा कच्चे राहतील का मॅडम? एखादा तरी नीट लागला असंल ना."

प्रश्न बरोबर होता. मला तो ऐकायचाच नव्हता. मी म्हणाले, "काका, हा टीव्हीतला पार्ट नाहीये."

लोक हसले. सरही हसले. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. मी अकरा चिठ्ठ्यांवर ‘सोल्डरिंग’ लिहिलं आणि अकरा सह्या केल्या. माझी सही लांबलचक आहे, तिला वेळ लागतो. काका तोवर तिथंच उभे होते. सह्या झाल्या तसे बोर्डांचा ट्रे उचलून टेबलाकडं गेले आणि एकेक चिप परत तापवायला बसले.

चार दिवसांनी सरांनी मला अहवाल मागितला. पुण्याच्या मशीनवाल्याशी बोलायचं होतं, हातानं का जमत नाही ते कागदावर हवं होतं. मी म्हटलं, नुसतं ‘बंद पडतं’ असं कशाला लिहा, बंद पडायच्या क्षणी चिपकडून काय आकडे येतात तेही दाखवू. ग्राहकाचा कर्नल जास्त नोंदी ठेवत नाही. माझा रोजचा ठेवतो. म्हणून काकांनी अजून हात न लावलेला एक बोर्ड मी वर नेला, त्यात माझा कर्नल भरला आणि केस वाळवायच्या ड्रायरनं तो तापवत बसले.

बंद पडेना. तापमानाची खूण ओलांडली, भोंग्याचा संदेश आला, बोर्ड चालूच. मी ड्रायर आणखी जवळ धरला. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "जाळतेस का त्याला?" बोर्ड तरीही चालूच. मग ग्राहकाचा कर्नल परत भरला. खूण ओलांडताक्षणी बंद. परत माझा. चालू. बोर्ड एक, टाके तेच, उष्णता तीच. बदललं होतं ते फक्त मी बांधलेलं.

हातातला ड्रायर बंद करायचंही मला सुचलं नाही. शेजारच्यानं बटण दाबलं.

शोधायला दुपार गेली. चूक निघाली एका ओळीत, आणि ती ओळ मी लई हौसेनं लिहिलेली होती. तापमान चढलं की चिपचा ड्रायव्हर कर्नलमधल्या माझ्या मुख्य भागाला एका फंक्शनचा पत्ता देतो: हे चालवा. मी आधी ताडून बघत होते की दिलेला पत्ता माझ्याच फंक्शनचा आहे ना. नसेल तर कुणीतरी घुसलंय असं समजून बोर्ड पहिल्यापासून चालू करायचा. कुणी सांगितलं नव्हतं, जादा खबरदारी म्हणून मी मनानंच घातलं होतं. दोन्ही पत्ते मी पडद्यावर छापून बघितले. वेगवेगळे होते. आणि दोन्ही शेवटी एकाच फंक्शनपाशी जात होते.

हे कसं, ते मला आमच्या वस्तीवरून समजावता येईल. वस्ती कन्नडच्या पुढं फाट्यापासून आत. पोस्टमन आत येत नाही. माझं पत्र यायचं ते ‘मार्फत किराणा दुकान, फाटा’ या पत्त्यावर. दुकानदार नाव बघायचा, ओळखीचं असेल तर ठेवून घ्यायचा, नाहीतर परत. कंपायलरची ती सोय आमच्या कर्नलमध्ये असंच करते. तुम्ही फंक्शनचा पत्ता मागितला की फंक्शनच्या घराचा पत्ता देतच नाही, फाट्यावरच्या दुकानाचा देते. तपासणी तिथं होते, मग आत पाठवणी. एवढं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे की कर्नलला मागाहून जोडलेला प्रत्येक भाग आपलं वेगळं दुकान घेऊन येतो. जुन्या चिपचा ड्रायव्हर कर्नलच्या आतच बांधलेला, त्याचं आणि माझं दुकान एक, म्हणून पत्ते जुळायचे. नव्या चिपचा ड्रायव्हर मागाहून जोडलेला. त्यानं दिलेला पत्ता त्याच्या दुकानाचा. माणूस एकच, पण एक पत्र किराणा दुकानामार्फत आणि दुसरं दूध डेअरीमार्फत. नाव न वाचता नुसते पत्ते ताडणाऱ्याला ती दोन माणसं वाटणारच. कंपायलरनं ज्याला ओळखून आत सोडलं असतं, त्याला मी घुसखोर ठरवून बोर्ड बंद पाडत होते.

दुरुस्तीला वेळ लागला नाही. फंक्शनच्या खऱ्या जागेचा पत्ता काढून द्यायची एक वाट कर्नलमध्येच ठेवलेली आहे, पण ती कर्नलच्या अगदी तळातल्या कामांसाठी, आणि ओळख पटवायला ती वापरणं मला बरोबर वाटलं नाही. मी पत्ते ताडणंच काढून टाकलं. ड्रायव्हर जोडतानाच त्याला एक खूण द्यायची आणि पुढं ती खूण बघायची. सोय चालू ठेवून कर्नल परत बांधला, तोच बोर्ड तापवला. भोंग्याचा संदेश आला, बोर्ड चालू राहिला.

आता खरी गोष्ट. काकांनी तोवर सहा बोर्ड परत तापवून टाके नवे केले होते. मी नवा कर्नल गुपचूप दिला असता तर सगळे बोर्ड पास झाले असते, आणि सगळे धरून चालले असते की काकांनी दुरुस्त केले म्हणून झाले. खोटं एक अक्षर बोलावं लागलं नसतं. कपातला चहा संपेपर्यंत मी हा विचार केला. पण चिठ्ठ्यांवर ‘सोल्डरिंग’ तसंच राहिलं असतं, आणि पुण्याला काम पाठवायला सरांना त्या अकरा चिठ्ठ्या पुरेशा होत्या.

मी खाली गेले. काका भिंग लावून बसलेले.

"काका, चूक माझी होती. कोडात."

त्यांनी मान वर केली नाही. "मंग?"

"म्हणजे तुमचे टाके बरोबर होते. पहिल्यापासून."

"ते मला म्हाईत व्हतं." त्यांनी इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची गरम कांडी, स्टँडवर ठेवली. "मला कशाला सांगता मग? मला नवं काय त्यात?"

"तुम्हाला आधी सांगावं म्हणून."

"जिथं बोलल्या तिथं सांगा. टीव्हीचं बोलल्या तवा समदे व्हते."

मी ‘हो’ म्हणाले. त्यांनी कांडी परत उचलली. बोलणं संपलं होतं.

संध्याकाळी घरी फोन केला. आईनं उचलला. मी सगळं सांगितलं, कर्नल सोडून.

"तुला काढतेल का?" आईनं विचारलं.

"नाय काढणार."

"मंग?"

"हसतील."

"हसू दे की. आपण नाय का हसत कुणाला." मागून वडिलांनी विचारलेलं ऐकू आलं, काय म्हणती. आई त्यांना म्हणाली, "काय नाय, कामात चुकली. उद्या सांगणारे." वडील म्हणाले, "जेवली का विचार तिला."

दुसऱ्या दिवशी रॅकजवळ सगळे जमले. माझी पाळी आली तेव्हा मी आधी बोर्ड पेटीत ठेवून तापवून दाखवला, मग सांगितलं. पत्त्याचं, दुकानाचं, सगळं. शेवटी म्हणाले, "टाके बरोबर होते. मी न तपासता बोलले. टीव्हीवरून जे बोलले तेही चुकीचं बोलले."

पॅकिंगमधला एकजण म्हणाला, "एवढं शिकून पत्ता चुकला म्हणायचं." हशा झाला. मी थांबले. तो हशा माझ्यावर होता आणि मागच्यापेक्षा जास्त वेळ चालला.

सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे चिप हातानं नीट बसतोय?"

"बसतोय."

"मग पुण्याचं राहू द्या. चिठ्ठ्या नीट करा."

टेस्टिंगच्या मुलीनं अकरा बोर्ड ट्रेमध्ये ओळीनं मांडले. मी एकेक चिठ्ठी घेतली. ‘सोल्डरिंग’वर आडवी रेघ, खाली ‘कोड’, खाली सही. आठ झाल्या. तीन उरल्या तेव्हा काका जवळ आले आणि ट्रेवर हात ठेवला.

"ह्या राहू द्या."

"का?"

"ह्यांचं कारण बरोबर हाय आता." त्यांनी एक बोर्ड उजेडाकडं तिरपा केला. चिपखालचे तांब्याचे दोन ठिपके बोर्डावरून सुटून वर आले होते. "परत तापवताना पॅड उखडले. तिन्हीचे. माझ्या हातानं. हे काय चालायचे नाय आता."

मला ते माहीतच नव्हतं. चांगले तीन बोर्ड मेले होते. "पण तुम्ही तापवले ते माझ्यामुळं. टाके चांगले असताना."

"तुम्ही फक्त लिव्हलं. तापवले मी. जरा दमानं घेतलं असतं तर नसते उखडले. डोकं ठिकाणावर नव्हतं त्या दिवशी."

"डोकं कुणामुळं ठिकाणावर नव्हतं?"

"ते चिठ्ठीत लिव्हायचं नसतंय."

सर घड्याळाकडं बघत म्हणाले, "अहो, रकाना एकच आहे. एक काहीतरी ठरवा दोघं."

मी रेघ मारली. काकांनी ‘नाय’ म्हणून मान हलवली, पण हात ट्रेवरून काढला. मी ‘कोड’ एवढंच लिहिलं नाही. बारीक अक्षरात लिहिलं: ‘कोडच्या चुकीमुळे चांगला बोर्ड विनाकारण परत तापवला.’ सही केली आणि चिठ्ठी त्यांच्याकडं सरकवली. त्यांनी भिंग खाली ओढून ती वाचली, अर्धं मनात, अर्धं ओठांनी. मग खिशातला पेन काढला. रकान्यात जागा उरली नव्हती, म्हणून चिठ्ठीच्या कडेला उभं लिहिलं: ‘पॅड उखडला माझ्या हातून.’ आणि आपली सही, नुसतं पहिलं अक्षर आणि त्याखाली एक टिंब. उरलेल्या दोन्हींवर आम्ही तसंच केलं. टेस्टिंगच्या मुलीनं सरांकडं बघितलं. एका चिठ्ठीवर दोन सह्या तिनं कधी पाहिल्या नव्हत्या. सर म्हणाले, "ठेव."

पुढच्या खेपेत एक बोर्ड तापल्यावर बंद पडला. मी जिन्यावरून उतरत होते आणि काका तो घेऊन जिना चढत होते. चिठ्ठी अजून लावलेली नव्हती.

"आधी तुमच्याकडं," ते म्हणाले. "तुमचं झालं की मग मी इस्त्री लावतो."

मी बोर्ड वर नेला, दोन्ही कर्नल भरून बघितला. दोन्हींवर बंद पडत होता. खाली आणून दिला आणि म्हणाले, "काका, ह्यावेळी टाका आहे."

"बघतो," ते म्हणाले आणि भिंग डोळ्यावर ओढलं. मी उभी राहिले. त्यांनी बोर्ड उजेडात फिरवला, एका कोपऱ्यावर सुई टेकवली. "व्हय. हितं. माझाच." मग कारण लिहायला रिकामी चिठ्ठी माझ्याकडं सरकवली आणि कामाला लागले.